काच काजळली की ज्योत मंदावली? आरएस ऑफियुकीचे दोन स्फोट

८ ऑगस्ट २०२१ला आयर्लंडच्या कीथ गेअरी या हौशी निरीक्षकाने कळवलं की भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी पुन्हा फुटला आहे. एरवी अकराव्या-बाराव्या प्रतीचा, म्हणजे बऱ्यापैकी दुर्बीण असल्याशिवाय हाती न लागणारा हा तारा एकदम साडेचारच्या आसपास चढला (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). सहाशे-सातशे पट उजेड, आणि तोही नुसत्या डोळ्यांना दिसेल असा. आपल्याकडे ऐन पावसाळा. आभाळ गच्च भरलेलं, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी तो तारा बघितला तो दुसऱ्यांच्या आलेखांवरच.

ते आलेख बघताना मात्र एक गंमत लक्षात येत होती. २००६च्या स्फोटाची दृश्य प्रकाशातली रेघ आणि २०२१ची रेघ एकमेकींवर ठेवली तर जवळजवळ सांधा दिसत नाही. उजळणं तेच, उतरणंही तेच. हा तारा दर वेळी एकच बंदिश गातो म्हणा ना. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींनी मात्र दुसरंच सांगितलं. स्फोटानंतर काही आठवड्यांनी या ताऱ्यातून मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा पूर येतो. तो २०२१मध्ये आला खरा, पण २००६च्या मानाने अगदीच बेताचा.

आग कमी होती, की आग तेवढीच होती आणि मध्ये काहीतरी आडवं आलं होतं? या प्रकरणातला प्रश्न एवढाच. उत्तर मात्र सरळ नाही.

ताऱ्याची कुंडली

आरएस ऑफियुकी हा जोडतारा. एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, ४५३.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. दोघांतलं अंतर साधारण दीड खगोलीय एकक, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्यात आहे जवळपास तेवढं. श्वेत बटू आकाराने पृथ्वीहून लहान, पण वस्तुमान सूर्याच्या १.२ ते १.४ पट. चंद्रशेखर मर्यादा, म्हणजे ज्याहून जड बटू टिकू शकत नाही ते वस्तुमान, सूर्याच्या १.४ पटीच्या आसपास आहे हे ध्यानात घेतलं तर हा बटू कड्याच्या टोकावर उभा आहे.

राक्षसी तारा सतत वारा सोडत असतो. त्यातला हायड्रोजन बटूच्या पृष्ठभागावर थरावर थर साचत जातो. तळाचा वायू इतका दाबला जातो की तापला तरी फुगत नाही. साधा वायू तापला की प्रसरण पावतो आणि त्यामुळे निवतो. इथे ती पळवाट बंद असते. तापमान एक-दोन कोटी अंशांच्या घरात गेलं की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचं संमीलन पेटतं, पेटल्याने तापमान वाढतं, वाढल्याने आणखी पेटतं. मग वरचा थर उडून जातो. बटू शाबूत राहतो आणि पुन्हा साठवायला लागतो.

असा फुटणारा तारा म्हणजे नवतारा. बहुतेक नवताऱ्यांना हे चक्र पुरं करायला हजारो वर्षं लागतात. आरएस ऑफियुकी मात्र पुनरावर्ती, काही दशकांत पुन्हा पुन्हा फुटणारा. त्याचे खात्रीचे स्फोट १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१चे. मधली अंतरं बघा: ३५ वर्षं, २५, ९, १८, २१, १५. घड्याळ लावावं असं यात काही नाही. तो थर पुरेसा जड झाला की फुटतो, आणि थर किती वेगाने साचेल हे राक्षसी ताऱ्याच्या मर्जीवर.

१९८५मध्ये काय निसटलं

१९८५च्या जानेवारीत हा तारा फुटला तेव्हा युरोपचा एक्सोसॅट हा क्ष-किरण उपग्रह वर होता. पण त्याने या ताऱ्याकडे पहिल्यांदा बघितलं ते ५५व्या दिवशी. त्यानंतर मोजकी निरीक्षणं झाली. सुरुवातीचा सगळा भाग तसाच गेला. क्ष-किरण आपल्या वातावरणात शोषले जातात, म्हणून जमिनीवरून ही कसर भरून काढण्याचा मार्गच नाही. हुकलेला दिवस हुकतो, आणि पुढची संधी ताऱ्याच्या सवडीने येते. या वेळी ती २१ वर्षांनी आली.

२००६: पहिले पंचवीस दिवस

१२ फेब्रुवारी २००६. जपानी हौशी निरीक्षकांनी स्फोट टिपला. स्विफ्ट हा नासाचा उपग्रह तेव्हा सव्वा वर्षाचा होता. गॅमा किरणांचे झोत उठले की झटकन मान वळवायची यासाठीच तो बांधलेला. तिसऱ्या दिवशी त्याची क्ष-किरण दुर्बीण या ताऱ्यावर होती. आरएक्सटीई हा नासाचा जुना जाणता क्ष-किरण उपग्रहही कामाला लागला.

दोघांना दिसले ते कठीण, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण. ते बटूकडून येत नव्हते. उडालेला थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यात घुसत होता आणि पुढे आघातलहर तयार झाली होती. नेहमीच्या नवताऱ्याचं उडालेलं द्रव्य जवळजवळ रिकाम्या जागेत पसरतं. इथे ते दाट वाऱ्यावर आदळतं. म्हणून हा तारा अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे अख्खा तारा फुटतो अशा स्फोटांच्या, अभ्यासकांनाही हवासा वाटतो. अतिनवताऱ्याच्या अवशेषात जे बघायला शतकं लागतात ते इथे महिन्याभरात होतं.

या लहरीचा वेग क्ष-किरणांतून कसा काढतात ते जरा जवळून बघू, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. लहरीमागच्या वायूचं तापमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वेग सेकंदाला ३००० किलोमीटर असेल तर तापमान सुमारे १२ कोटी केल्विन येतं. वेग निम्मा झाला की तापमान चौथाई, म्हणजे ३ कोटी. तेव्हा रोज वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किरण किती याची नोंद) घ्यायचा, त्यावरून तापमान काढायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. दुर्बिणीत लहर ठिपक्याएवढीही दिसत नसताना तिचा ब्रेक कसा लागतोय हे असं कळतं. आणखी एक हिशेब: सेकंदाला ३००० किलोमीटरने दीड खगोलीय एकक कापायला वीस-एकवीस तास लागतात. म्हणजे बातमी कळून लोक दुर्बिणी वळवेपर्यंत लहर राक्षसी ताऱ्याला ओलांडून गेलेली असते.

आरएक्सटीईच्या नोंदींवरून जेनिफर सोकोलोस्की आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं. लहर काही दिवसांतच मंदावायला लागली होती, आणि उडालेलं द्रव्य सूर्याच्या साधारण एक कोट्यंश एवढंच होतं. इतका हलका थर पुरतो याचाच अर्थ बटू फार जड आहे. अवरक्त प्रकाशात माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीने वर्णरेषा दिवसेंदिवस अरुंद होताना टिपल्या. लहर मंदावतेय याचा तो स्वतंत्र पुरावा. आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०व्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर आणि ३८व्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर हा तारा पकडला. इतक्या कमी वारंवारतेवर आरएस ऑफियुकी त्याआधी कधी सापडला नव्हता. लहरीत वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना जी कुजबुज करतात ती ही.

२६वा दिवस

मग २६व्या दिवशी मऊ क्ष-किरण उसळले.

हे किरण मात्र थेट बटूचे. स्फोटात सगळा हायड्रोजन उडत नाही. उरलेला पृष्ठभागावर जळत राहतो. उडालेलं द्रव्य विरळ होत गेलं की त्यातून ती आग दिसू लागते. पृष्ठभागाचं तापमान साडेसात लाखांपासून दहा लाख केल्विनपर्यंत, म्हणून प्रकाश मऊ क्ष-किरणांत. निव्वळ आकडा म्हणून दहा लाख मोठे वाटतात, पण लहरीच्या बारा कोटींपुढे हे गारच.

स्विफ्टच्या दुर्बिणीत आता सेकंदाला शेकडो फोटॉन येत होते, आणि इथे उपकरणाची एक अडचण उभी राहते. हा कॅमेरा एरवी अडीच सेकंदांची एक चौकट घेतो आणि चौकटीतल्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा वेगळी मोजतो. झोत फार मोठा असला की एकाच जागी दोन फोटॉन पडतात आणि कॅमेरा त्यांची बेरीज करून एकच जास्त ऊर्जेचा फोटॉन नोंदवतो. मोजणी कमी भरते, आणि मऊ वर्णपट कठीण असल्याचा भास होतो. म्हणून पद्धत बदलावी लागते. प्रतिमेची एक मिती सोडून द्यायची आणि दर १.८ मिलिसेकंदांनी वाचन घ्यायचं. तारा कुठे आहे हे ठाऊकच असतं. प्रतिमा गेली तरी बिघडत नाही. उलट या जलद वाचनातून एक अनपेक्षित लाभ झाला, तो खाली येईल.

सुरुवातीला उजेड विलक्षण हेलकावत होता. काही तासांत अनेक पट वर, पुन्हा खाली. साधारण ५८व्या दिवसानंतर तो शांतपणे उतरू लागला आणि तीन महिन्यांच्या आत प्रकरण आटोपलं. हेलकाव्यांचं कारण काय? ज्युलियन ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांनी बहुधा मधल्या द्रव्याचं कमी-जास्त शोषण असं म्हटलं, पण बटूच स्वतः कमी-जास्त होत असावा ही शक्यताही उघडी ठेवली. हा सावधपणा पंधरा वर्षांनी कामी आला.

जलद वाचनातला लाभ असा की मऊ क्ष-किरणांत साधारण ३५ सेकंदांचा ठेका सापडला. अगदी काटेकोर नाही, थोडा मागेपुढे होणारा. पृष्ठभागावर जळणाऱ्या थरातच काही अस्थिरता असावी, असा एक कयास.

२०२१: तोच कॅमेरा, दुसरा स्फोट

या वेळी सगळे तयारीत होते. दृश्य प्रकाशाचा कळस होऊन अर्धा दिवसही झाला नव्हता तोवर स्विफ्ट ताऱ्यावर होता. नामिबियातल्या हेस आणि ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या दुर्बिणींनी अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण पकडले. कुठल्याही नवताऱ्याकडून असे किरण मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यावर स्वतंत्र लेख होईल. इथे तो विषय सोडतो.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की आपल्या दीर्घिकेतल्या एकाच पुनरावर्ती नवताऱ्याचे दोन स्फोट अथपासून स्विफ्टने टिपण्याची ही पहिली वेळ होती. या ताऱ्याचं अंतर हा जुना वाद आहे. पूर्वी सव्वापाच हजार प्रकाशवर्षं मानत, ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया या युरोपीय उपग्रहाच्या मोजमापांनी ते बरंच लांब नेलं. अंतर बदललं की तेजाचे सगळे आकडे बदलतात. पण तारा तोच आणि कॅमेरा तोच असेल तर दोन स्फोटांच्या तुलनेत अंतर छेदून जातं. खगोलशास्त्रात अशी सवलत क्वचित मिळते.

किम पेज आणि सहकाऱ्यांनी दोन्ही स्फोटांच्या नोंदी शेजारी मांडल्या. आघातलहरीचे कठीण क्ष-किरण दोन्ही वेळा सारखे. म्हणजे उडालेलं द्रव्य, त्याचा वेग, समोरचा वारा हे सगळं ढोबळमानाने तेच. मऊ क्ष-किरण मात्र २०२१मध्ये खूपच फिके आणि कमी हेलकावणारे.

पहिल्यांदा सुचतं ते उत्तर असं: २००६च्या आधी २१ वर्षं साठवण झाली, २०२१च्या आधी साडेपंधरा. इंधन कमी म्हणून आग कमी. मलाही आधी हेच वाटलं होतं. पण हे उत्तर टिकत नाही. स्फोट वर्षं मोजून होत नाही, थराच्या भाराने होतो. साडेपंधरा वर्षांत फुटला याचा अर्थ तेवढ्या काळात पुरेसा भार झाला. शिवाय इंधन खरंच कमी असतं तर दृश्य प्रकाशाची रेघ आणि कठीण क्ष-किरण इतके जुळले नसते. फरक फक्त मऊ किरणांत आहे, आणि मऊ किरण हेच शोषणाला सगळ्यात हळवे. थोडा वायू मध्ये आला की हे अडतात. कठीण किरण त्यातून आरपार जातात.

मग शोषण म्हणून मोकळं व्हावं, तर तेही सोपं नाही. पेज यांच्या गटाने ६०व्या दिवसानंतरच्या वर्णपटांना साध्या तापलेल्या गोळ्याचं प्रारूप लावलं तेव्हा २०२१चा बटू जास्त तापलेला, लहान त्रिज्येचा आणि वाऱ्याच्या कमी शोषणाचा निघाला. शोषण जास्त नव्हे, कमी! तापमान जास्त पण गोळा लहान, म्हणून एकूण तेज कमी. हा निष्कर्ष खरा मानला तर ज्योतच लहान होती म्हणायचं. गटाने मात्र तसं ठासून म्हटलं नाही. तेज ‘वरवर पाहता’ कमी, एवढीच त्यांची भाषा.

जाळी लावल्यावर

स्विफ्टचा कॅमेरा फोटॉनची ऊर्जा मोजतो पण ढोबळ. जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळून जातात, आणि त्यातून गुळगुळीत वक्र मिळतो. गुळगुळीत वक्राला तापलेला गोळा छान बसतो. बसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. एक्सएमएम-न्यूटन आणि चंद्रा या दुर्बिणींत विवर्तन जाळी आहे. ती मऊ किरण पसरवते आणि ऑक्सिजन-नायट्रोजनच्या रेषा, शोषणाच्या कडा सुट्या दाखवते.

यान-उवे नेस आणि सहकाऱ्यांनी इथे युक्ती केली. कुठलंही सैद्धांतिक प्रारूप न घेता त्यांनी २००६च्या ५४व्या दिवसाचा खराखुरा वर्णपट हीच मूळ ज्योत मानली. मग त्यापुढे वेगवेगळ्या प्रकारची काच धरून बघितली: यातून २०२१च्या ५५.६व्या दिवसाचा वर्णपट निघतो का?

निघाला. ती काच थंड वायूची नव्हती. दोन ते पाच लाख केल्विन तापलेला, इलेक्ट्रॉन गमावलेला, ऑक्सिजन कमी आणि नायट्रोजन जास्त असा तो वायू. पेज यांच्या प्रारूपात शोषण कमी का भरलं असावं, याचा धागा मला इथे दिसतो. ते प्रारूप थंड वायूचं शोषण शोधत होतं. तापलेला वायू वेगळ्या ऊर्जांवर चावे घेतो, आणि ढोबळ कॅमेऱ्यात ते चावे सुटे दिसत नाहीत. मूळ गोळाच जास्त गरम आणि लहान असल्यासारखं वाटू शकतं. कंदिलाची काच काजळली की खोलीच्या टोकाला बसलेल्याला वात खाली केल्यासारखी वाटते, तसंच. नायट्रोजन जास्त आणि ऑक्सिजन कमी हेही बोलकं आहे. हायड्रोजन कार्बन-नायट्रोजन चक्रातून जळला की राखेत नायट्रोजन वाढतो. म्हणजे ही काजळी बाहेरची नाही, त्याच आगीची असावी.

हे सगळं मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो. काच २०२१मध्येच का काजळली?

इथे साधा भागाकार करून बघण्यासारखा आहे. १२ फेब्रुवारी २००६ ते ८ ऑगस्ट २०२१ हे ५६५६ दिवस होतात. त्याला ४५३.६ने भागलं की १२.४७. म्हणजे बारा पूर्ण फेऱ्या आणि जवळजवळ अर्धी. २००६च्या स्फोटाच्या वेळी राक्षसी तारा बटूच्या ज्या बाजूला होता, २०२१मध्ये तो जवळपास विरुद्ध बाजूला होता. वारा काही गोल चेंडूसारखा पसरलेला नाही. जोडीच्या फिरण्याने त्यात दाट पट्टे आणि विरळ खिडक्या तयार होतात. २००६च्या रेडिओ प्रतिमांत आणि हबलच्या छायाचित्रात उडालेलं द्रव्य दोन बाजूंना जास्त पसरलेलं दिसलं, ते याच असमानतेमुळे. तेव्हा २००६मध्ये आपण विरळ बाजूतून बघत होतो आणि २०२१मध्ये दाट बाजूतून, ही शक्यता मला सगळ्यात पटणारी वाटते. सिद्ध म्हणता येणार नाही. दोनच स्फोट, आणि दोन बिंदूंतून कुठलीही रेघ जाते.

जाता जाता मुंबईचा एक धागा. स्विफ्टच्या कॅमेऱ्याचं काम ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठात झालं, आणि त्याच विद्यापीठाच्या सहकार्याने बनलेला कॅमेरा आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या मऊ क्ष-किरण दुर्बिणीत आहे. तिचे सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे, एकात एक बसवलेले आरसे कुलाब्याच्या टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. या दुर्बिणीने २०१९मध्ये व्ही३८९० सॅजिटारी या आरएस ऑफियुकीच्या भावंडाचा स्फोट टिपला. तिथेही मऊ क्ष-किरण होते, तिथेही राक्षसी तारा आणि बटू.

२०२१च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ८६व्या दिवशी, तारा सूर्याच्या फार जवळ आला आणि स्विफ्टला मान वळवावी लागली. १९७व्या दिवशी तो पुन्हा दिसू लागला. पण त्याआधीच्या नोंदींत, फिक्या पडलेल्या त्या मऊ किरणांत, एक गोष्ट २००६सारखीच सापडली होती: ३५ सेकंदांचा ठेका. उजेड कितीतरी कमी, पण ठेका तोच. काचेवर काजळी धरली म्हणून ज्योतीच्या फडफडण्याचा वेग बदलत नाही. मी शोषणाच्या बाजूने झुकतो त्यात या ठेक्याचा वाटा मोठा आहे.

खरी परीक्षा आठव्या स्फोटाला. तो कधी होईल हे तारा ठरवेल, पण झाला त्या दिवशी आधी भागाकार करायचा: ५६५६च्या जागी ८ ऑगस्ट २०२१पासून गेलेल्या दिवसांचा नवा आकडा, खाली तेच ४५३.६. दशांशानंतर शून्याच्या आसपास काही आलं, तर राक्षसी तारा २०२१च्या जागी उभा असेल आणि मऊ किरण फिकेच यायला हवेत. पाचच्या आसपास आलं तर २००६चा पूर परत यायला हवा.